मास्तरांचा कच्चा डाव

चष्म्यांचं दुकान चालवणाऱ्या मास्तरांना बुद्धिबळात एकच डाव येत होता, आणि तोही मुळातच कच्चा. चौथ्या खेळीला उंट द्यायचा, पाचव्या खेळीला घोडा द्यायचा आणि उघड्यावर आलेल्या राजाला वजिराने शह द्यायचा. समोरच्याची पाचावर धारण बसायची. तो राजा मागे घ्यायचा, मग मास्तर त्याचा जोर नसलेला घोडा वजिराने मारून भरपाई करायचे आणि त्याचा धुव्वा उडवायचे.

वाचनालयाच्या माडीवर वीस वर्षं हेच चाललं होतं. चालणारच! तिथला जो तो मास्तरांकडेच शिकलेला, आणि मास्तर प्रत्येकाला बजावायचे, "शह बसला की राजा मागे. पुढे नेलास तर मेलास."

खरं होतं ते नेमकं उलट. राजा बेधडक एक घर पुढे टाकला की तोच आपल्या घोड्याला जोर देतो आणि हल्ल्यातली हवा निघून जाते. फ्रेमा विकायला आलेल्या एका फिरत्या विक्रेत्याने हे मास्तरांना त्यांच्याच दुकानात, काउंटरवर पट मांडून दाखवलं होतं. मास्तर सपशेल हरले, आणि माडीवर कुणाला ताकास तूर लागू दिली नाही. माणूस वाईट नव्हता हो. दिवसभर लोकांच्या काचा घासल्यावर संध्याकाळी कुणीतरी "वा, मास्तर!" म्हणावं, एवढीच हाव.

मास्तरांची मुलगी मात्र खरंच हुशार निघाली. निवड स्पर्धेत शेवटच्या फेरीपर्यंत पोचली. वयाच्या अटीत बसायचं हे शेवटचंच वर्ष, आणि ही फेरी जिंकली तरच संघात जागा.

"बाबा, उद्या तुमचाच डाव लावते," ती म्हणाली.

खरं काय ते मास्तरांच्या अगदी ओठांवर आलं होतं. "लाव की," ते म्हणाले.

समोर परगावची मुलगी होती. तिने शह पाहिला, रुमालाने नाक पुसलं आणि राजा एक घर पुढे सरकवला. मास्तरांच्या लेकीने पाऊण तास पटाकडे पाहिलं, आणखी दहा खेळ्या कशाबशा रेटल्या आणि हार मानली.

बसथांब्यावर आल्यावर तिने विचारलं,

"राजा पुढे जातो, हे तुम्हाला माहीत होतं?"

नाही म्हणायचं मास्तरांनी वाटेतच ठरवलं होतं. जमलं नाही. "होतं."

"मग निदान मला तरी सांगायचं."

"तुला सांगितलं असतं तर माडीवर, सगळ्यांदेखत, तू मला हरवलं असतंस."

तिने बापाकडे पाहिलं. राग असता तर मास्तरांना बरं वाटलं असतं.

"माडीवर मी राजा मागेच घेतला असता, बाबा."