हिरवा रिपोर्ट आणि उसाची बैलगाडी

आमच्या ऑफिसात धूळ आणि किस्से, दोन्ही रोज झाडले तरी साचतात. धूळ नांदेडची, किस्से आमचेच. निवृत्तीनंतर मी माझा विद्यार्थी दत्ता याच्या सॉफ्टवेअर कंपनीत सल्लागार आहे. संगणकशास्त्रातली पीएच.डी. आहे, पण सल्ला दिला की मलाच धाकधूक होते. दत्ता म्हणतो, "सर, तुम्ही नुसते बसा. क्लायंटला भरवसा वाटतो."

*

एका साखर कारखान्याच्या वजनकाट्याचं काम आलं. ते किल्लारीच्या रेखाकडे गेलं. ती प्रोबेशनवर. दत्ताचा नियम असा, की कव्हरेजचा रिपोर्ट पूर्ण हिरवा झाला तरच नोकरी कायम. टेस्टमध्ये प्रोग्रामच्या ज्या ओळी चालल्या त्या हिरव्या, राहिल्या त्या लाल.

रेखाची एकच फाइल लाल राहिली. तिच्यात नुसते कॉन्स्टंट, म्हणजे कधी न बदलणारे आकडे. एका क्विंटलचे किलो किती, वगैरे.

"सर, सगळा हिशोब ह्या आकड्यांवर चालून राहिला, अन् हे टूल म्हणतं फाइलला कुणी शिवलंच न्हाई."

मी समजावलं, की प्रोग्रामचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा कंपायलर तो आकडा वापराच्या जागी आधीच चिकटवून टाकतो, मग प्रोग्राम चालताना मूळ फाइल उघडतच नाही. नंतर घरी जाऊन पुस्तकात पाहिलं. बरोबर सांगितलं होतं.

आमचा जुना प्रोग्रामर व्यंकट, तोही माझाच विद्यार्थी, म्हणाला, "म्हणजे भाजी खाल्ली, पण मीठ न्हाई खाल्लं."

*

मग व्यंकटनं रेखाच्या फाइलमधलाच आकडा कॉपी करून टेस्ट लिहिली, दोन्ही सारखे आहेत का? टेस्ट पास. फाइल लालच.

"सर, इतका कडक मास्तर आपल्या कॉलेजातबी नव्हता."

*

शेवटी त्यानं टेस्टमध्ये त्या फाइलचा एक रिकामा ऑब्जेक्ट, म्हणजे नावापुरता नमुना, बनवला. कुणी वापरत नाही, नुसता बनतो. तेवढ्यासाठी फाइल उघडली गेली आणि हिरवी झाली.

मी चाचरत विचारलं, "हे प्रामाणिक आहे का रे?"

"सर, तुम्ही वर्गात हजेरी घ्यायचात. हजर होते ते सगळे शिकून राहिले होते का?"

मी चहा मागवला.

*

लातूरकडच्या त्या कारखान्यावर चाचणी. दत्ताच्या हातात हिरवा रिपोर्ट. उसानं खच्चून भरलेली बैलगाडी काट्यावर आली. स्क्रीनवर उमटलं, दोन क्विंटल.

गाडीवान खाली उतरला. "सायेब, मग बैल सोडतो. मीच ओढून नेतो."

रेखानं तीच आकड्यांची फाइल उघडली. एका क्विंटलचे किलो तिनं हजार लिहिले होते. तिनं तिथंच एक शून्य खोडलं. स्क्रीनवर वीस क्विंटल, वजन बरोबर आलं. दत्तानं रिपोर्ट पुन्हा काढला. तसाच हिरवा.

"सर, मघाशीबी हिरवा, आताबी हिरवा. मग काय बघून हिला कायम करू?"

तोवर रेखा गाडीवानाला म्हणाली, "दादा, बैल फिरवा. गाडी पुन्हा काट्यावर घ्या."

"आता कशाला? बरोबर आलं की, बाई."

"बरोबर आलं म्हणूनच. टेस्टबी पास झालीच होती."

गाडीवानानं दत्ताकडे पाहिलं. दत्तानं रिपोर्ट खिशात कोंबला आणि स्वतःच बैलांचा कासरा धरला.

"घ्या दादा. आमच्या कायमच्या इंजिनिअर बाई सांगून राहिल्या."