पडद्यापलीकडची करकर

त्या मंगळवारी डायलिसिसला पोचलो तर शेजारच्या पलंगावर कोरी चादर. "सुमनताई?" मी विचारलं. नर्सने सुई टोचता टोचता सांगितलं, "रविवारी पहाटे गेल्या... घरीच, झोपेत." यंत्र सुरू झालं. पडद्यापलीकडे मात्र काहीच वाजेना.

सुमनताई टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या. विश्रांतवाडीत तिसऱ्या मजल्यावर घर, लिफ्ट नाही. डायलिसिसनंतर मुलगा आणि जावई त्यांना खुर्चीत बसवून वर न्यायचे, आणि शेजारी दारं उघडून बघायचे. ते त्यांना सोसेना. डॉक्टरांना विचारून त्यांनी पायांनी फिरवायचं पेडल आणवलं. रक्तदाब पाहून, सुरुवातीच्या वेळात, पडल्या पडल्या त्या ते फिरवत. सुयांचा हात स्थिर, पाय चालू. ते पेडल भयंकर करकरायचं.

मी आयटीतला. मूत्रपिंडं गेली तरी लॅपटॉप काही सुटला नव्हता. एकदा वैतागून म्हणालो, "ताई, तेल घाला हो त्याला."

"का? आवाज बंद झाला तर मी आहे की गेले, तुम्हाला कळणार कसं?" पलीकडून उत्तर आलं. "आणि अहो संगणकवाले, बोटं चालतात तेवढे पाय चालवलेत तर काही बिघडेल का?"

कर्वेनगरला घरी परतताना पायांत त्राण नसायचं. हे सगळं सोडून द्यावं असं रोज वाटायचं, आणि कुणालाच सांगितलं नव्हतं. त्यांनी ते कसं ओळखलं, देव जाणे. पुढच्या वेळी त्यांचं झाल्यावर पेडल माझ्या पायाशी आलं. मग तीच रीत पडली, आधी त्या, मग मी.

काही महिन्यांनी त्या स्वतःच्या पायांनी जिना चढून घरी गेल्या. "एकाही शेजाऱ्याने दार उघडलं नाही हो!" हे सांगताना केवढ्या हसल्या! शेवटच्या शनिवारीही चढूनच गेल्या, असं त्यांचा मुलगा पेडल केंद्राला द्यायला आला तेव्हा म्हणाला. मला त्यांचा राग आला. मला जगायला लावलंत आणि स्वतः निघून गेलात...

आता पेडल माझ्याकडे असतं. तंत्रज्ञाने हौसेने तेल घातलंय, जराही आवाज येत नाही. मी फिरवतो, दमतो, आज पुरे म्हणून थांबतो... आणि पडद्यापलीकडून करकर सुरू होते. तिथे हल्ली एक आजोबा असतात. एकदा पडदा सारून पाहिलं, तर ते गाढ झोपलेले. मी पाय पुन्हा पेडलवर ठेवतो.