काही उपकरणांवर

शिक्षण संस्थेच्या ऑफिसात क्लार्क असलेल्या वाघमोडे भाऊसाहेबांनी मॉनिटर माझ्याकडे वळवला. पडद्यावर सूचना स्वच्छ मराठीत होती. सहायक शिक्षक पदासाठी कागदपत्र पडताळणी, शुक्रवारी सकाळी अकरा वाजता, मूळ प्रमाणपत्रांसह, गैरहजर उमेदवाराचा विचार होणार नाही.

"आता तुम्हीच सांगा मॅडम, ह्यात न वाचता येण्यासारखं काय आहे?"

समोरच्या खुर्चीत माळी बाई बसल्या होत्या. वैराग गावच्या. संस्थेच्या तिथल्या शाळेत नऊ वर्षं मराठी शिकवत होत्या, पण तासिका तत्त्वावर. म्हणजे वर्षअखेरीला नोकरी संपते आणि जूनमध्ये पुन्हा अर्ज करायचा. नऊ वर्षांत पहिल्यांदा कायम जागा निघाली होती. त्यांनी मोबाईल माझ्यापुढे धरला. सूचना तीच, वेबसाईटही तीच. पण मराठीचं एक अक्षर नाही. डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी a, मग एक बारीक चिन्ह, मग काहीतरी तिसरंच, पुन्हा तोच a. पानभर तेच. अंकही मराठीत टाइप केलेले, त्यामुळे तारीखसुद्धा त्याच कचऱ्यात गेलेली.

त्या दिवशी सोमवार होता. पडताळणी होऊन गेली होती.

मी सोलापुरात वेबसाईट बनवते आणि सांभाळते. सात रस्ता चौकाजवळ एका खोलीचं ऑफिस आहे. ह्या शिक्षण संस्थेची वेबसाईट सहा वर्षं माझ्याकडे होती. सचिव साहेबांचा सकाळी फोन आला होता, "एक बाई येऊन बसल्यात, तुम्ही या आणि त्यांना काय ते समजावून सांगा." म्हणून मी आले होते.

"मोबाईलात मराठी नसंल," भाऊसाहेब म्हणाले. "मी फोनवर पण हेच सांगितलं होतं."

"व्हॉट्सॲप मराठीतच चालतंय माझं," बाई म्हणाल्या. "आणि ही वैरागच्या झेरॉक्सच्या दुकानातली प्रिंट. तिथल्या कंप्युटरवर पण हेच."

त्यांनी पर्समधून दोन कागद काढले. तो कचरा त्यांनी छापून आणला होता. वर तारीख आणि वेळ होती. बुधवारची दुपार.

मोबाईलमध्ये मराठी फॉन्ट नसेल तर अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन दिसतात. इथे चौकोन नव्हते. असा कचरा दिसतो तेव्हा कारण वेगळं असतं. कंप्युटर अक्षर साठवत नाही, आकडे साठवतो. कुठला आकडा म्हणजे कुठलं अक्षर, ह्याचा तक्ता असतो. त्याला एन्कोडिंग म्हणतात. आपल्या एका "म"ला हल्लीच्या तक्त्यात तीन आकडे लागतात. ब्राउझरने जुना इंग्रजी-युरोपी तक्ता धरला, तर तो त्या तिनांची तीन वेगळी अक्षरं करतो. मजकूर शाबूत असतो, वाचणारा चुकीचा तक्ता घेऊन बसलेला असतो. पूर्वी ब्राउझरच्या मेनूत हा तक्ता हाताने बदलता यायचा. आता ती सोय बहुतेक काढून टाकली आहे. मोबाईलवर तर सामान्य माणसाच्या हातात काहीच नाही.

मी माझ्या मोबाईलवर पान उघडलं. कचरा. लॅपटॉपवर उघडलं. कचरा.

"भाऊसाहेब, तुम्ही हे कुठून उघडताय?"

"हितनंच की. डेस्कटॉपवरनं."

त्यांनी फाइलवर डबल क्लिक करून दाखवलं. ते वेबसाईट बघतच नव्हते. स्वतःच्या मशीनवर बनवलेली मूळ फाइल बघत होते. मी त्यांना वेबसाईटचा पत्ता टाइप करायला लावला. पान आलं, तोच कचरा.  भाऊसाहेबांनी चष्मा काढून पुसला.

"मंगळवारी टाकल्यापास्नं असंच हाय का हे?"

 मला दुसरीच शंका आली होती.

सर्व्हर पान पाठवतो तेव्हा आधी एक चिठ्ठी पाठवतो. तिला हेडर म्हणतात. ती ब्राउझरला सांगते, तक्ता कुठला घ्यायचा. पानाच्या आत काहीही लिहिलेलं असो, ब्राउझर आधी चिठ्ठीवर विश्वास ठेवतो. भाऊसाहेबांची फाइल मशीनवरूनच उघडत होती, तिला चिठ्ठी नव्हती, म्हणून ती बरोबर दिसत होती. मी लॅपटॉपवर हेडर उघडून बघितलं. तक्ता जुना लिहिलेला होता.

पंधरा दिवसांपूर्वी ही वेबसाईट मी नव्या सर्व्हरवर हलवली होती. मीच. जुन्या सर्व्हरवर ही चिठ्ठी बंद ठेवलेली होती, नव्यावर ती आपोआप चालू होती. हलवल्यावर मी मुखपृष्ठ तपासलं होतं. ते प्रोग्रॅममधून तयार होतं आणि स्वतःची बरोबर चिठ्ठी सोबत आणतं, म्हणून नीट दिसलं. सूचनांची पानं साध्या फाइली असतात. त्यातली एकही मी उघडून बघितली नव्हती.

एक ओळ बदलली. चार मिनिटं लागली. माळी बाईंना मोबाईलवर पान पुन्हा उघडायला सांगितलं. मराठी आली. त्यांनी सूचना पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. वाचताना ओठ हलत होते.

"दिसतंय आता," त्या म्हणाल्या. "शुक्रवार."

बाकीचे चार उमेदवार शहरातले होते. त्यांनी संस्थेच्या नोटीस बोर्डावर कागद वाचला होता. वैरागहून बाईंनी बुधवारी फोन केला, तेव्हा भाऊसाहेबांनी सांगितलं होतं की मोबाईलात मराठी नसेल, फोनवर तारीख सांगायची पद्धत नाही, सगळं वेबसाईटवर आहे. शाळा सोडून लगेच येता आलं नाही, म्हणून त्या शनिवारी अर्धी शाळा करून आल्या होत्या. तेव्हा ऑफिस बंद होतं.

सचिव साहेबांच्या केबिनमध्ये मी एकटीच गेले. सगळं सांगितलं. चूक माझी आहे हेही सांगितलं. त्यांनी चहा मागवला.

"तुम्ही प्रामाणिक आहात," ते म्हणाले. "पण हे असं कागदावर आलं तर भरती पुन्हा करावी लागेल. निवड झालेल्याला काय सांगू? आणि तुमच्याकडे काम ठेवायचं तर समितीला काय सांगू? उमेदवाराच्या मोबाईलमधला दोष, एवढं लिहून द्या."

"ते खोटं आहे साहेब. मी लिहिणार नाही."

"मग तुम्ही सुचवा."

अर्धा तास शब्दांवर घासाघीस झाली. शेवटी मी लिहिलं, "तांत्रिक कारणामुळे काही उपकरणांवर मजकूर वाचता येत नव्हता." खाली सही केली, शिक्का मारला. बाहेर पडताना मला वाटत होतं, मी माझं म्हणणं राखलं. मोबाईलचा दोष लिहू दिला नाही. बाहेर बाकावर माळी बाई बसल्या होत्या. "अहवाल दिलाय," मी म्हणाले. त्या उठून उभ्या राहिल्या आणि त्यांनी मला नमस्कार केला.

दहा-बारा दिवसांनी त्या माझ्या ऑफिसात आल्या. पडताळणीची पुन्हा संधी द्या, ह्या त्यांच्या अर्जाला आलेलं संस्थेचं उत्तर हातात होतं. तज्ज्ञांच्या अहवालानुसार मजकूर केवळ काही उपकरणांवर अवाच्य होता, इतर उमेदवारांना तो उपलब्ध झाला, सबब आपली विनंती अमान्य करण्यात येत आहे. तज्ज्ञ म्हणजे मी.

"मॅडम, काही उपकरणं म्हंजे कुठली?"

मी त्यांना खुर्ची दिली.

"तुमच्या मोबाईलवर दिसत होतं का?"

"नाही."

"लॅपटॉपवर?"

"नाही."

"मग दिसत कुटं होतं?"

"भाऊसाहेबांच्या डेस्कटॉपवर. ती वेबसाईट नव्हती."

पत्रात दिलेलं माझं वाक्य त्यांनी वाचून दाखवलं. वर्गात वाचतात तसं, सावकाश. "सातवीच्या पोरास्नी मी कर्ता शोधायला लावते. ह्यात मला तो सापडंना. कुणामुळं वाचता येत नव्हतं?"

"माझ्यामुळं," मी म्हणाले.

त्या चिडतील असं वाटलं होतं. चिडल्या नाहीत. "मग तेवढंच लिवायचं होतं की," म्हणाल्या आणि पाणी मागितलं.

मी त्यांच्यासमोर नवं पत्र टाइप केलं. सर्व्हर मी हलवला, तपासणी मी केली नाही, मंगळवारपासून सोमवारपर्यंत सूचना वेबसाईटवर कुणालाही वाचता येत नव्हती. सही, शिक्का. त्यांनी ते संस्थेत दिलं. सचिव साहेबांचा मला फोन आला, आवाज नेहमीसारखाच. "एकाच माणसाची दोन पत्रं, दोन कारणं. समितीने पहिलं ग्राह्य धरलंय. दुसरं दबावाखाली दिलं असणार, असं सगळ्यांचं मत पडलं." नेमणूक तोवर झाली होती. माळी बाईंनी वकिलाला विचारलं. वकिलानेही तेच सांगितलं, पहिल्या पत्राने केस गेली.

माझं काम महिन्याभरात दुसऱ्याला दिलं. ते तसंही जाणारच होतं. पहिल्याच दिवशी खरं लिहून गेलं असतं, तर त्याबरोबर एका बाईची जागा वाचली असती.

माळी बाई अजून वैरागच्या त्याच शाळेत आहेत, तासिका तत्त्वावरच. कायम जागेवर आलेले सर शहरातून येऊन-जाऊन करतात, त्यांना उशीर झाला की पहिला तास बाई घेतात. हे मला भाऊसाहेबांनी सांगितलं. बाईंनी मला परत फोन केला नाही, मीही केला नाही.

आता मी वेबसाईट हलवली की प्रत्येक पान बाहेरून उघडते, तेही दुसऱ्याच्या मोबाईलवर. शिकायला एवढं पुरेसं आहे. बाकी जे शिकले, ते एकदाच कामाला येण्यासारखं होतं आणि ती वेळ त्या केबिनमध्ये चहा पिताना गेली.