मी सुधारलेला पेपर

ही वही चुकून कोणी उघडलीच, तर शुद्धलेखन आणि अक्षर दोन्हींची आधीच माफी मागते. माझी शाळा चौथीत सुटली. तरी गेल्या वर्षी माझ्या मुलीची शाळा मीच होते.

तन्वीला दमा आहे. डॉक्टर म्हणाले, पाचवीचं वर्ष घरीच ठेवा. वर्षाच्या शेवटी परीक्षा घेऊन सहावीत बसवू, असं शाळेने कबूल केलं. आमचे हे सकाळी सातलाच अंबरनाथला कामावर जातात, म्हणजे शिकवणार मी! मोबाईलवर जाहिरात दिसली : घरी शिकायचा खोका, आई आणि मूल दोघांना झेपेल असा. सहा हजार रुपये. आमच्या कॅम्प तीन भागातल्या कारखान्यातून जीन्स आणून मी घरी धागे कापते, त्यातले साठवलेले तेवढेच होते. भरून टाकले. आनंदाच्या भरात त्या दिवशी भाजीत दोनदा मीठ पडलं.

खोका पाठवण्याआधी कंपनीने तन्वीची चाचणी मागवली. तिने सोडवली. फोटो काढताना माझी नजर पडली. आमच्या कामात माल परत देण्याआधी प्रत्येक पीस उलटसुलट बघायचा असतो. चूक दिसली तर आपणच सुधारायची, नाहीतर शेठ पैसे कापतो. अर्धा अधिक पाव, आणि पोरीने लिहिलं होतं तीन छेद चार. वर एक आणि एक दोन, खाली दोन आणि चार सहा, एवढं मलाही कळतं. (तीन कुठून आणले, देव जाणे.) खोडून दोन छेद सहा केलं. मग हात थांबेचना. अकरा उत्तरं सुधारली आणि पेपर पाठवला.

खोका आला तो दुसरीचा.

"आई, यात बदकं मोजायचीत."

"मोज की मग."

"पाचवीत?"

तेव्हा मी कबूल केलं. तन्वीने ताटात अर्धी भाकरी ठेवली, शेजारी पाव भाकरी. ताटातून पाऊण भाकरी माझ्याकडे बघत राहिली.

अनोळखी माणसाशी फोनवर बोलायचं म्हटलं की माझी जीभ टाळूला चिकटते. तरी कंपनीला लावला. तिथल्या मॅडम म्हणाल्या, "ताई, चाचणी मुलीनेच सोडवली ना?"

"सोडवली तिनेच. सुधारली मी."

त्यांना पटेना. प्रत्येक आईला आपलं मूल हुशारच वाटतं, म्हणाल्या. शेवटी ठरलं, व्हिडिओ कॉलवर दोघींनी नवा पेपर वेगवेगळा सोडवायचा. चुका माझ्या होत्या हे दिसलं, तर पैसे परत.

तोवर तन्वीने शेजारून पाचवीची जुनी पुस्तकं मागून आणली. ती मोठ्याने वाचायची, मी धागे कापत ऐकायची. हे दोघींना झेपत होतं.

कॉलवर तन्वीची सगळी उत्तरं बरोबर आली. मग मी बसले. मुद्दाम चुकायचं नाही, असं ठरवलं होतं. घाम पुसत, ओठ चावत, मन लावून वीस गणितं सोडवली. दोन बरोबर आली.

"पटलं ताई," मॅडम म्हणाल्या.

शाळेत नापास झाले की छडी मिळायची. या वेळी सहा हजार मिळाले, एक रुपयाही न कापता!