अंतरपाट सरला तेव्हा

माझी नात सई एका सिनेमाची नायिका आहे आणि तो सिनेमा आमच्या भावकीशिवाय कोणीही बघितलेला नाही.

वयात येणाऱ्या मुलीची गोष्ट. मारामारी नाही, नाच नाही. चिंचवडच्या एका थिएटरात सकाळचा एकच खेळ मिळाला. "आजी, माणसं आली नाहीत तर उद्यापासून काढून टाकतील गं!" सई रडकुंडीला आलेली. मी म्हटलं, "अख्खी भोसरी आणते!" आणि खरंच सगळी भावकी रिक्षांत कोंबून आणली. डावीकडे आमचे हे, उजवीकडे बाळूभाऊजी, माझे धाकटे दीर.

दिवे मालवले. पडद्यावर सई. मुलगी बघायला पाहुणे आलेत आणि ही मोरीच्या खिडकीला लोंबकळून बैठकीतल्या कुरळ्या केसांच्या उंच तरुणाला हेरतेय...

ती खिडकी माझी होती!

उन्हाळ्यात शेंगा फोडताना मीच सईला सांगितलं होतं. कुरळे केस बघून भाळले, समोर बसल्यावर रीतीप्रमाणे मान खाली, आणि होकार दिला. सुपारी मोठ्यांनी फोडली. कुरळा निघाला दीर! (नवरदेव शेजारचा, कपाळ मोठं होत चाललेला.) "कुणाला बोलू नकोस" म्हटलं होतं. पोरीनं थेट दिग्दर्शकाला सांगितलं!

"काय येडी पोरगी!" भाऊजी खिदळले. "वहिनी, असं असतं व्हय कुठं?"

"सिनेमावाले काहीही दाखवतात!" मी घाम पुसला. एसीत!

हे मात्र पुढं झुकून बघत होते. मी घाबरून म्हटलं, "अहो, बीपीची गोळी घेतलीत ना? चला, घरी जाऊ."

"गप बस. बघू दे."

शेवटी मी पॉपकॉर्नचा अख्खा डबा यांच्या मांडीवर सांडला. हे पडद्यावरची नजर न हलवता एकेक वेचून खात राहिले!

सिनेमा संपला. सईनं पुढे येऊन माइक घेतला. "ही गोष्ट खरी आहे. माझ्या आजीची!"

भावकीच्या माना गर्रकन वळल्या. भाऊजींचा हात आपोआप कुरळ्या केसांकडे गेला. (तिथं आता केस नाहीत.)

"अहो, लहान होते हो मी..."

"तू खिडकीत होतीस?" हे म्हणाले. "मग पाणी घेऊन आली ती कोण?"

"सुमी. माझी बहीण. मी उतरेपर्यंत आईनं तिलाच पुढं केलं."

हे गालातल्या गालात हसले. "पाणी घेताना तेवढं एकदाच वर बघितलं मी. तू येऊन बसलीस तेव्हा मी लाजून मान वर केलीच न्हाई. घरी जाऊन सांगितलं, पोरगी पसंत."

उद्याचा खेळ आहे. भावकी पुन्हा जाणार, सुमीला घेऊन. मी नाही जायची. एवढी वर्षं मी साऱ्या भोसरीला सांगत आले की अंतरपाट सरला आणि माझं रूप बघून हे जागच्या जागी थिजले!

थिजले होते, एवढं मात्र खरं.