बाकावरच्या दोघी जावा

दवाखान्यातून गोळ्या आणायला जावं, तर सोबत किस्सेही येतात. गोळ्या महिनाभरात संपतात, किस्से मात्र साठतच जातात! अमरावतीला आमच्या मेंदूच्या डॉक्टर मॅडमच्या दाराबाहेर एक लांब बाक आहे. महिन्यातल्या ठरलेल्या शनिवारी तिथं तीच ती माणसं भेटतात. निम्मी विसरण्याच्या आजाराची, निम्मी माझ्यासारखी, स्नायू थकण्याच्या आजाराची. सकाळी मी पैलवान असतो. दिवस चढला की पापण्या, जबडा, मान एकेक करून संपावर जातात. गोळी घेतली की काही तास सगळे कामावर हजर!

*

ही ताकदीची गोळी जेवणाच्या थोडी आधी घ्यायची, म्हणजे चावायला जोर येतो. पहिल्याच वर्षी मेव्हण्याच्या मुलीचं लग्न निघालं. पत्रिकेत मुहूर्त बाराचा. मी शिस्तीचा माणूस, पत्रिका पाहून गोळी घेतली. पण लग्न वऱ्हाडातलं! नवरदेव बँडपुढून हलेना. पंगत बसली तेव्हा दुपार कलली होती. समोर गरम जिलबी, आणि माझा जबडा बंद!

"जावई रुसले वाट्टे," कोणीतरी म्हणालं. झालं! माणसं समजूत काढायला येऊ लागली. बोलता येत नव्हतं, म्हणून "रुसलो नाही" हेही सांगता येईना. शेवटी मेव्हण्यानं एक भारी शर्टपीस आणून माझ्या मांडीवर ठेवला.

तेव्हापासून मी गोळी पत्रिका पाहून घेत नाही. वाढप्याच्या हातात बादली दिसली की घेतो.

*

पापण्यांचा मात्र एकदा फायदा झाला. गावात एका साहेबांचं लांबलचक भाषण होतं. माझ्या पापण्या मधेच उतरल्या, त्या उतरल्याच. मी जागा होतो, पण ते माझं मलाच माहीत! भाषण संपल्यावर साहेब सरळ माझ्याकडे आले.

"सगळे मोबाइल पाहत होते. तुम्ही एकटेच डोळे मिटून तल्लीन झाले होते!"

हार त्यांनी स्वतःच्या गळ्यातला काढून माझ्या गळ्यात घातला.

*

आमच्या बाकावर अकोल्याच्या जुन्या शहरातले एक वकीलसाहेब येतात. आठवणीची गोळी त्यांना झोपताना दिलेली. तिनं काहींना ठसठशीत स्वप्नं पडतात. साहेब झोपेत कोर्ट चालवू लागले! "माय लॉर्ड!" असं ओरडून उठायचे. बायको हैराण.

मॅडम म्हणाल्या, "गोळी सकाळी देऊन पाहू. स्वप्नं थांबतील."

वकीलसाहेबांनी हात जोडले. "राहू द्या मॅडम. जागेपणी मी इतक्या केसेस कधी जिंकलो नाही!"

*

आता मोर्शीचं जोडपं. भाऊराव संत्र्याचे बागायतदार, त्यांना विसरण्याचा आजार. सुशीलाकाकूंना माझा, ताकद जाण्याचा. एकाच घरात दोन्ही गोळ्या! वेळा काकू लक्षात ठेवतात, पण त्यांच्या बोटांत पट्टीतून गोळी सोलायचा जोर नसतो. म्हणून दोघांच्याही गोळ्या सोलतात भाऊराव.

"आमी दोघं मिळून एक धड मानूस हाओत," काकू म्हणतात.

एकदा मॅडमनी समजावलं, की शरीरात निरोप पोचवणारं एक द्रव्य असतं, दोन्ही गोळ्या त्यालाच लवकर विरू देत नाहीत. एक मेंदूत काम करते, दुसरी स्नायूंत. आजार मुळातून जात नाही, पण दिवस निभावतो.

काकूंनी लगेच निकाल दिला, "म्हंजे दोघी जावाच झाल्या! घर एक, चुली येगळ्या."

पण त्या दिवशी काकू जाता जाता मला म्हणाल्या, "पोरगा पुन्याले चाला म्हनते. भाऊ, इथं हे चुकले तरी बगीच्यातच चुकते. तिथं चुकले तं कोन आनून देईन?"

*

पुढच्या महिन्याच्या शनिवारी त्यांचा पुण्याचा मुलगा सोबत होता. मॅडम पुढच्या पेशंटला आधीच आत स्टुलावर बसवतात, म्हणून मी तिथंच होतो.

"मॅडम, पुण्याच्या डॉक्टरांच्या नावानं चिठ्ठी द्या," मुलगा म्हणाला. "दोघं एकटे राहू शकत नाहीत. तुम्हीच सांगा यांना."

मॅडमनी विचारलं, "भाऊराव, आज वार कोणता?"

"हिले विचारा."

"महिना?"

"हिले विचारा ना!"

मुलानं 'पाहिलंत?' अशा नजरेनं मॅडमकडे पाहिलं. काकू घाईघाईनं सांगू लागल्या. शेजार चांगला आहे, बागेत सालदार गडी आहे, सगळं नीट चाललं आहे. बोलता बोलता त्यांचा आवाज जड होऊन नाकातून येऊ लागला. मुलाच्या लक्षात आलं नाही. माझ्याही नाही, आणि हा आजार माझा स्वतःचा!

भाऊराव उठले. "चूप वं आता. बोलू नोको."

खिशातून पट्टी काढली, गोळी सोलली, काकूंच्या हातावर ठेवली आणि घोट घोट पाणी पाजलं. मॅडमनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. काकूंच्या गोळीची वेळ तीच होती.

"भाऊराव, कशाची गोळी आहे ही?"

"मले काय मालूम! हिचा आवाज नाकात गेला का मी देतो."

काकूंचा आवाज सुटायला थोडा वेळ लागतो, तोवर मुलगा त्यांचा हात धरून बसला.

"मग पुण्याची चिठ्ठी लिहू?" मॅडमनी विचारलं.

"नको," मुलगा म्हणाला. "मोर्शीला लागतात तशाच गोळ्या लिहून द्या. दर महिन्याच्या शनिवारी मी येत जाईन."

भाऊराव काकूंच्या कानाशी वाकले. पण त्यांचं कुजबुजणं सगळ्या खोलीला ऐकू गेलं.

"कावं, हा पोरगा कोन्या पेशंटसंगं आला? समजदार दिसते!"