चेहरा भरला तेव्हा

हिंगोलीच्या एसटी स्टँडवर पुण्याची गाडी लागली. मायनं मला खिडकीशी बसवलं आणि खाली उभी राहून तिसऱ्यांदा तेच बजावलं, "बीमारी गेली ना? मग तिकडं कुणापाशी बोलू नको." कुष्ठरोगाच्या गोळ्यांचा कोर्स मी वर्षभर एक दिवस न चुकता पुरा केला होता. गाडी निघाली तसं सुटल्यासारखं वाटलं, आणि त्याचीच लाज वाटली.

शिवणकामाच्या कारखान्यात चार महिने बरे गेले. मग एका दुपारी ताप चढला, हातापायांवर लाल, दुखऱ्या गाठी उठल्या. बीमारी परतली म्हणून मी हादरले. आठ दिवस पूर्ण बाह्यांचे ड्रेस घालून लपवलं, शेवटी दवाखाना गाठला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जंतू मेलेत, पण त्यांच्या अवशेषांशी तुझं शरीर अजून भांडतंय. याला रिअ‍ॅक्शन म्हणतात, ती पुन्हा पुन्हा येऊ शकते. त्यांनी स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्या. डोस हळूहळू कमी करायचा, एकदम बंद करायचा नाही, हेही सांगितलं.

त्या गोळ्यांनी माझा चेहरा सुजून गोल झाला. व्हिडिओ कॉलवर माय हरखली. "पुण्याचं पाणी मानवलं बघा पोरीला!" शिरड शहापूरच्या आमच्या गल्लीत तिनं फोन घरोघर फिरवला. तिचा आनंद मला मोडवेना.

धाकट्या बहिणीच्या लग्नाला गेले, तेव्हा मायला पर्समध्ये गोळ्या दिसल्या. "इतकी सुधरली, आता काहून गोळ्या खाऊन राहिली? पाव्हण्यांनी पाहिलं तर?" मला सगळं ठाऊक होतं, तरी गोळ्या बंद केल्या. चूक माझीच. चौथ्या दिवशी रिअ‍ॅक्शन पुन्हा उठली, यावेळी नसेवर; कोपराची नस ठणकू लागली. बहिणीला हळद लावताना करंगळी बाकीच्या बोटांशी मिळेना.

पुण्यात परतल्यावर डॉक्टरीणबाईंनी गोळ्या पुन्हा सुरू करून डोस वाढवला. बोट निम्मंच सुधारलं, मशीनवर कापड सरकवताना अजून अडतं. आता साधी कणकण आली तरी मी आधी कोपर चाचपते, मग कपाळ.

गाव सोडून आलेल्या बायांनो, तुमच्यापैकीही कुणी पर्सच्या तळाशी असं काही लपवून माहेरी नेत असेल. पुढच्या महिन्यात मला पुन्हा जायचंय. गोळी अंगणात, चार माणसांत बसून घ्यायची, असं ठरवलंय. माय पाणी आणून देईल की हाताला धरून आत ओढेल, ठाऊक नाही. पाणी दिलं, तर ते माझं घर. आत ओढलं, तरी गोळी मी घेणारच.